गजूचा घाम

आमच्या घरी कोणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी गोधडी यायची. सात-आठ जुन्या लुगड्यांची, वजनानंच माणूस खाटेला खिळून राहील अशी, आत्यानं स्वतःच्या हातानं शिवलेली. मग दारं-खिडक्या लागायच्या, पंखा बंद व्हायचा, आणि गुळवेल, अद्रक, काळी मिरी उकळून केलेला काळाकुट्ट काढा यायचा. आत्याचं शास्त्र एकच होतं, घाम काढला की ताप जातो. मी पुढे जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. घाम का येतो, तो वाळताना अंग कसं थंड होतं, हा धडा दरवर्षी शिकवला, आणि दरवर्षी त्या धड्यापाशी आलं की माझं डोकं सणकायचं. कारण ज्या पोरासाठी ती गोधडी सगळ्यात जास्त वेळा निघाली, त्या माझ्या धाकट्या भावाला, गजूला, जन्मात कधी घाम आलेला नाही. एक थेंब नाही. रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही. हे घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही दिसू नये, याचा मला जो संताप होता, तो मी पन्नास वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

आई गेल्या पौषात गेली, म्हणून आता लिहायला बसले. ती असताना लिहिलं असतं तर तिनं चष्मा लावून वाचलं असतं आणि म्हणाली असती, "तुले दुसरं काही काम नाही काय." आत्याला जाऊन तर जमाना झाला. बाबा त्याच्याही आधी. गजू वाचत नाही, अक्षरं त्याला कधी फारशी चिकटली नाहीत. म्हणजे आता भांडायला समोर कोणी उरलं नाही, आणि भांडायला कोणी नसलं की माणसाचा निम्मा जोर जातो, हे मला हल्लीच कळलं आहे.

आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहायचो, पारा म्हणजे आमच्याकडची आळी. पुढे ओसरी, मागे आंगण, आंगणात नळाखाली सिमेंटची टाकी, आणि स्वयंपाकघरावर शिडी लावून चढायची एक छोटी गच्ची. बाबा सिंचनाच्या ऑफिसात होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि घरातल्या कोणत्याही भानगडीवर त्यांचं मत "आक्काले विचारा" एवढंच असायचं. आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून घर तिच्या नावानं चालायचं. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात मामाची पोरगी करणं म्हणजे पुण्यच. "बाहेरची आणून कोणाचं भलं झालं, घरची ते घरची," असं आत्या आल्या-गेल्याला सांगायची, आणि आई मान खाली घालून भाकऱ्या थापायची. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, नंदू. दीड वर्षाचा होऊन उन्हाळ्यात तापानं गेला. त्याचा फोटो नाही. त्याचं नाव वर्षातून एकदाच निघायचं, अक्तीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात तेव्हा. आजोबांची मोठी घागर, आजीची मोठी, आणि शेवटी नंदूची एक छोटी, तिच्यावर एक आंबा. ती छोटी घागर आई स्वतः भरायची. त्या घागरीला मला कधी हात लावू दिला नाही.

गजूला दुखत नसे. ऐकणाऱ्याला वाटतं काय भाग्य. भाग्य कसलं, कपाळ माझं. दात आले तेव्हा त्यानं स्वतःच्या जिभेचं टोक चावून टाकलं. हसत होता, आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं. चालायला लागल्यावर चुलीतलं लाकूड हातानं उचललं. शाळेत लस टोचणारे आले की बाकीची पोट्टी छतापर्यंत किंचाळायची आणि हा हात पुढे करून "और एक लगाओ ना" म्हणायचा. गुरुजींनी छडी मारली तर हसायचा, म्हणून गुरुजी आणखी मारायचे. आत्याला याचा कोण अभिमान! "वाघ आहे आमचा गजू. देवानंच असा घडवला." पाहुणे आले की "घ्या न चिमटा, घेऊन पाहा," म्हणून त्याला पुढे करायची. पाहुणेही घ्यायचे, आणि त्यांच्या चिमट्यांचे निळे डाग संध्याकाळी मी मोजायची.

कारण ते माझं काम होतं. "शालू, लक्ष ठेव." माझ्या सगळ्या लहानपणाचं वर्णन या तीन शब्दांत होतं. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, मुलगी, आणि मला दुखत होतं, म्हणजे मला समज होती, असा हिशेब असावा. रोज दिवे लागायच्या आधी ओसरीच्या पायरीवर त्याला बसवून मी त्याचे तळपाय, बोटं, गुडघे, कोपरं, तोंडाच्या आतली बाजू तपासायची. काटा, काच, फोड, जे असेल ते. एकदा चपलेतला खिळा टाचेत अर्धा शिरलेला निघाला. सकाळपासून त्यावर चालून हा शाळेत जाऊन आला होता, क्रिकेट खेळून आला होता. "दीदी, देख, कील," म्हणाला, जसं काही मला भेट आणली. माझ्या मैत्रिणी त्या वेळी बूढ़ा तालाबाकडे फिरायला जायच्या. मी कधी गेले नाही. आजही मी त्याचे पाय बघते, संध्याकाळी, सहाच्या सुमारास. आता एकच पाय आहे, म्हणून अर्धा वेळ लागतो.

जखम डोळ्यांना दिसायची तरी. तापाचं काय? फाल्गुन सरला की गजूचा ताप सुरू व्हायचा तो मृग लागेपर्यंत. उन्हात खेळून आला की ताप, चुलीपाशी बसला की ताप, लग्नाच्या मांडवात ताप. आत्याच्या मते त्याला दृष्ट लागायची, कारण वाघ. खरं काय ते पहिल्यांदा बोलली फिरंतिन बाई, आमच्याकडे भांडी घासायला यायची ती. तिच्याकडे गजू चोरून बासी खायचा. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी त्या पाण्यासकट खायचा, सोबत कांदा आणि मीठ. आत्याला ते चालत नसे, "थंड असते, बाधते, अन् ते काय आपलं खाणं आहे?" पण गजूला त्यानं बरं वाटायचं. बासी खाल्लेल्या दिवशी तो दुपारपर्यंत टवटवीत असायचा. फिरंतिन बाईनं एकदा त्याची मान, बगला, पाठ चाचपून पाहिली आणि मला म्हणाली, "नोनी, ए लइका ल पछीना नइ आवय." या पोराला घाम येत नाही. मी पळत जाऊन आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "भांडेवालीचं ऐकून तू मले वैद्यकी शिकवून राहिली काय?" पालथ्या घड्यावर पाणी. आईकडे पाहिलं तर ती पोळी लाटत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही, आणि माझा तिच्यावरचा राग त्या दिवशी पक्का झाला.

आता माझी चोरी सांगते. गोधडी घातली की ती घाम दिसल्याशिवाय निघायची नाही, हा आत्याचा कायदा. आणि घाम सुटला की नाही हे पाहायला दरवेळी आई मला पाठवायची. "शालू, जाऊन पाय बरं, घाम सुटला काय." अंधाऱ्या खोलीत मी जायची. गजू गोधडीखाली भट्टी झालेला, डोळे लाल, आणि कातडी कोरडी ठणठणीत. खाटेखाली पाण्याचा तांब्या असायचा. तापात पाणी पाजायची आत्याची बंदी होती, तरी तांब्या तिथं असायचा, कोणीतरी विसरलेला. त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मी गजूच्या कपाळाला, मानेला, छातीला, पाठीला लावायची, भरपूर, आणि मग ओरडायची, "आई, सुटला घाम!" आत्या येऊन हात लावून पाहायची, "पाहा, मी काय म्हणत होती," म्हणायची आणि गोधडी निघायची. ओल्या अंगाला वारा लागला की तासाभरात ताप खाली. काढ्याची कीर्ती सगळ्या पाऱ्यात पसरली. लोक काढा न्यायला भांडी घेऊन यायचे. मी दातओठ खात पाहत राहायची, कारण खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरणार आणि पुढच्या तापाला पाणी लावायला मला आत कोणी जाऊ देणार नाही.

त्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते, गजू आठ. वैशाखातला दिवस, कुरडयांचा. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजत होता, घरभर तो गोडसर आंबूस वास, आत्या सोऱ्या दाबून दाबून घामाघूम. कुरडया गच्चीवर जुन्या धोतरांवर घातल्या, आणि कावळ्यांपासून राखण कोण करणार असा प्रश्न आला. आत्या म्हणाली, "गजूले बसवा. त्याले ऊन लागत नाही." हे खरंच होतं, त्याला ऊन लागलेलं कळत नसे. आई हळूच म्हणाली, "त्यापरीस शालूले बसवते न." मी मनात म्हटलं, वा, पोट्टीनं उन्हात बसावं आणि पोट्ट्यानं सावलीत. तोंड इतकं वाकडं केलं की आत्यानंच माझी बाजू घेतली, "तिले कायले, काळी पडन." गजू काठी घेऊन आनंदानं वर गेला. आई मला म्हणाली, "घडीघडी वर जाऊन पाहून येशील." मी एकदा गेले. तो खडे मारून कावळे उडवत होता, मजेत होता. मग खाली येऊन मी एक मासिक उघडलं, शेजारून मागून आणलेलं, त्यात एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट काय होती ते आज मला आठवत नाही. उठले तेव्हा बारा वाजून गेले होते.

गजू कुरडयांच्या मधोमध बसला होता. तोंड लालभडक. मला आई समजून "आई, कौआ मेरे पेट में गया," म्हणाला आणि हसला. त्याचा हात धरला तर तव्याला धरल्यासारखं झालं. पाठीवर घेऊन मी त्याला शिडीवरून कशी उतरवली, देवच जाणे. आत्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "लू लागली. गोधडी आणा." तळव्यांना कांद्याचा रस चोळला, तोंडात काढा ओतला, तो बाहेर आला, पुन्हा ओतला. दार लावलं. खिडकी लावली. बाहेर आभाळ पांढरं पडलं होतं आणि आत आठ लुगड्यांखाली ते पोर. मी आईच्या पदराला धरून म्हटलं, "नको न गं, त्याला घाम येतच नाही." आई म्हणाली, "जाऊन पाय बरं, घाम सुटला काय."

गेले. तांब्या होता. कपाळाला पाणी लावलं, ते लावता लावता वाळलं. पुन्हा लावलं, पुन्हा वाळलं. छातीवर ओतलं, पाठीला लावलं, तांब्या संपला. "सुटला घाम," मी ओरडले, "काढा गोधडी." आत्या आली, मानेखाली हात घातला. "कुठं सुटला? अंग पाहा कसं कोरडं आहे. खोटी कुठली. आणखी एक गोधडी आणा वं." आणि खरोखर दुसरी गोधडी आली. तिच्या ओझ्याखाली गजूचे डोळे वर गेले, जबडा आवळला आणि हातपाय झटके देऊ लागले. आत्या म्हणाली, "दृष्टच आहे ही," आणि मीठ-मिरच्या आणायला स्वयंपाकघरात गेली. मला तेव्हा भीती नव्हती वाटत. राग आला होता, इतका की डोळ्यापुढे काही दिसेना. दोन्ही गोधड्या ओढून फेकल्या, गजूला काखेत धरून फरफटत आंगणात नेला आणि कपड्यांसकट टाकीत घातला.

फिरंतिन बाई टाकीपाशीच भांडी घासत होती. तिनं काही विचारलं नाही. राखेचे हात तसेच, हातातला गंज, म्हणजे पातेलं, टाकीत बुडवून त्याच्या डोक्यावर ओतायला लागली. "डार नोनी, डार," म्हणजे ओत पोरी, ओत. आम्ही दोघी ओतत राहिलो. आत्या मुठीत मिरच्या घेऊन मागच्या दारात आली आणि तिनं पारा गोळा होईल असा आवाज लावला. तापल्या अंगावर थंड पाणी, निमोनिया होईल, पोट्टीनं भावाचा जीव घेतला, आता वंश बुडाला. आई धावत आली आणि तिनं मला अशी एक लगावली की कानात शिट्टी वाजायला लागली. मी तिथंच पायरीवर बसले. आई टाकीपाशी उभी राहिली, एका हातानं गजूची मान पाण्यावर धरून. त्याला बाहेर काढलं नाही. आत्या ओरडत होती, "काढ त्याले, काढ," आणि आई माझ्याकडे वळून वळून मला शिव्या देत होती, "अवदसा, मारून टाकशील एखाद्या दिवशी," आणि तिचा हात पाण्यातच होता. हे मी तेव्हा पाहिलं. त्याचा अर्थ लावायच्या स्थितीत मी नव्हते, मी कान धरून रडत होते.

झटके थांबले. बऱ्याच वेळानं गजूनं डोळे उघडले, टाकीतल्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, बासी है क्या?" संध्याकाळी बाबा आले, त्यांना आत्यानं सगळं सांगितलं, आणि सांगितलं काय, तर दोन गोधड्या घातल्या तेव्हा कुठं ताप मोडला, वरून या पोट्टीनं पाण्यात बुडवून घात करायला घेतला होता, पण काढा पोटात होता म्हणून पोर वाचलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आक्काची माफी माग." मी मागितली. तो अपमान मला आजही पचलेला नाही. आणि आई गप्प. त्यानंतरही ती गप्पच राहिली. फक्त त्या उन्हाळ्यापासून गजूचे शर्ट तिच्या हातून कधी वाळेनात. सकाळी धुवायची आणि ओलेच त्याच्या अंगात चढवायची. आत्या बोलली की म्हणायची, "दोरीवर जागा नाही, अंगावरच वाळून जाते." मला वाटायचं, काय ही बाई, एक शर्ट वाळवायचा आळस.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. आत्या गेली, तिच्याबरोबर गोधड्या गेल्या. गजूचा घोटा मोडला, तो त्यावर महिनाभर चालला, हाड सडलं, आणि एका पायाचा निकाल लागला. मी लग्न केलं नाही. कोणी विचारलं की मी सांगते, मला संध्याकाळी सहाला काम असतं. तेलीबांध्याकडे फ्लॅट घेतला, तो केवळ एसीसाठी, आणि वीज गेली की मी अजूनही बादली घेऊन धावते. काही वर्षांपूर्वी गजूच्या उरलेल्या पायाला जखम झाली, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळी कहाणी ऐकून घेतली, अशी की आजवर कोणी घेतली नव्हती, आणि रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला आणि आईला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. शरीरात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचा एक पदार्थ असतो. बाळ पोटात असताना कातडीतून तो निघतो आणि नसांच्या टोकांना मिळतो. तो त्यांचा खुराक, तो मिळाला तर नस जगते. पण तो धरून घ्यायला नसेवर एक तोंड लागतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. गजूच्या नसांना ते तोंडच धड नाही. खुराक समोर आहे आणि खाता येत नाही. म्हणून दुखणं सांगणाऱ्या नसा आणि घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसा, दोन्ही तो जन्मायच्या आधीच उपाशी मेल्या. दुखत नाही आणि घाम येत नाही, ही दोन दुखणी नव्हतीच. वाघ आणि दृष्ट, दोन्ही एकाच कागदावर आले. अजून एक दुसऱ्या प्रकारचं तोंडही असतं म्हणे, ते कधी कधी नसेला "आता पुरे, मर" असं सांगतं. आमच्या घरात ते खातं आत्याकडे होतं.

मी माझे गुडघे दाखवले. म्हटलं, याचं सगळं दुखणं माझ्या वाट्याला आलंय, जरा ते फॅक्टर माझ्यातलं कमी करा. त्या हसल्या. म्हणाल्या, आंटी, लोकांनी तेच करून पाहिलं, गुडघेदुखीवर हा पदार्थ अडवणारी इंजेक्शनं काढली. दुखणं थांबलं, पण काही जणांचे सांधेच झपाट्यानं खराब झाले, म्हणून ते अडकून पडलं. मी गजूच्या लोंबत्या विजारीकडे पाहिलं आणि गुडघ्यांबद्दल पुन्हा बोलले नाही. मग त्यांनी विचारलं, आई-वडील नात्यातले का? मी म्हटलं, मामाची मुलगी. त्यांनी लिहून घेतलं. दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत होती, दोन्ही ज्या मुलाकडे आल्या त्याला हे झालं. "घर में और कोई बच्चा, जो छोटा रहते बुखार से गया हो?" मी आईकडे न पाहता म्हटलं, एक भाऊ होता. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

दोन आठवड्यांनी अक्ती आली. आई पंच्याऐंशीला टेकलेली, तिला खाली बसवत नव्हतं, म्हणून खुर्चीसमोर स्टूल मांडून त्यावर घागरी ठेवल्या होत्या. गजू एसीखाली टीव्ही पाहत होता. आईनं मोठ्या घागरी भरून घेतल्या, छोटीला हात लावला आणि थांबली. म्हणाली, "नंदूलेही तेच होतं ना?"

पन्नास वर्षं मी या क्षणाचं भाषण तयार ठेवलं होतं. आता हातात कागदही होता, शिक्क्याचा. घाम येतच नव्हता, गोधडीनं मरतो तो, पाण्यानं वाचला, माझ्या पाण्यानं, आणि तुम्ही मला माफी मागायला लावली. आईचे हात घागरीच्या काठावर होते. मी म्हटलं, "नाही गं. नंदूचा ताप साधा होता, तेव्हा औषधं नव्हती, बस. आणि गजू आत्याच्या काढ्यानंच वाचला. पाण्यानं काही झालं नाही." जन्मात पहिल्यांदा मी काढ्याला श्रेय दिलं.

आई मग म्हणाली, "घाम खारट असते, शालू."

"काय?"

"ताप उतरला की मी गजूच्या कपाळाचा मुका घेत होती. एकडाव बी खारट लागला नाही. नळाचं पाणी होतं ते."

मी म्हटलं, "मग तू बोलली काहून नाही?"

"कोणापाशी? आक्का असताना गोधडी काढाची हिंमत कोणात होती? घाम दिसला तरच निघत होती. तो तांब्या खाटेखाली कोण ठेवत होतं, तुले काय वाटलं?"

मला खरंच कधी काही वाटलं नव्हतं. कोणीतरी विसरलेला तांब्या, दरवेळी, त्याच जागी.

"आणि मग मारलं कशाला मला?"

"आक्का पाहून राहिली होती न. तुले मारलं नसतं तर त्याले पाण्यातून काढावं लागलं असतं." तिनं पदरानं घागरीचा काठ पुसला. "दरडाव तुलेच पाठवत होती मी. मी जाती तर आक्का माझ्या मागं आली असती. पोट्टीवर कोण ध्यान देते."

मग तिनं छोटी घागर माझ्याकडे सरकवली. "भर तू. माठातलं घे, गार." मी माठातून पाणी आणलं आणि ओतायला लागले. आई पाण्याकडे पाहत होती. घागर गळ्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "नंदूच्या वेळेस पाठवाले तू नव्हती."

मी घागरीवर आंबा ठेवला. मग उठून गजूच्या अंगातला शर्ट चाचपला, वाळला होता, तो उतरवून ओला करून आणला.